हजर आणि मतदान करणार

जगात कुठंही भांडण लागलं की ते मिटवायची पहिली जबाबदारी आपली, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आलाय. तसे ते कॉलेजात भूगोल शिकवतात, पण ते आपलं पोटापुरतं. खरा जीव अडकलाय पोरांच्या युनोत. म्हणजे पोरापोरींना एकेक देश वाटून द्यायचा, पुढ्यात देशाच्या नावाची पाटी ठेवायची आणि खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघात चालते तशी चर्चा घडवायची. वाट्याला आलेल्या देशाची राजधानी, शेजारी, कुणाशी सूत, कुणाशी वाकडं, सगळं तोंडपाठ पाहिजे. "सोयरीक जमवताना बघताय तेवढं तरी बघा की रे!" असं खेकसतात. पोरांची नावं ते साफ विसरतात. देश मात्र विसरत नाहीत. एकदा आम्ही रंकाळ्यावर भेळ खात उभे होतो, तर हे मधेच ओरडले, "ए नॉर्वे, गाडी हळू!" आणि बुलेटवरचं एक दांडगं पोरगं खरोखर "व्हय सर" म्हणत हळू झालं.

त्यांच्या सभेत 'मी' या शब्दाला बंदी. 'मला वाटतं' म्हणायचं नाही, 'अमुक देशाच्या प्रतिनिधीला वाटतं' असं म्हणायचं. हा नियम जगभर आहे म्हणे, पण साडूंइतका कडक कुणी पाळत नसेल. शिरोळच्या एका पोराला त्यांनी बांगलादेश दिला होता आणि विषय होता महापूर. पोरगं रंगात आलं आणि म्हणालं, "आमच्यात पाणी शिरलतं तवा म्हसरं सोडून मी..." साडूंनी टेबलावर हातोडी आपटली. "प्रतिनिधीला घर नसतं बाळ, देश असतो!" पोरगं बिचारं पुन्हा ढाक्यात गेलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला साडूंचा राग आलेला.

घरीही हाच कारभार. "या प्रतिनिधीला चहाची अपेक्षा आहे," असं ते म्हणाले की आतून अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, ओरडते, "प्रतिनिधीला हात हायत न्हवं?" रात्री जेवणाआधी हजेरी. त्यात दोन उत्तरं चालतात. नुसतं 'हजर' म्हटलं, तर पुढं मत मागितल्यावर तटस्थ राहता येतं. 'हजर आणि मतदान करणार' म्हटलं, की मग तटस्थ बसायची सोय नाही. हो किंवा नाही, एक काय ते बोलावंच लागतं. त्यांची लेक सई पाळण्यातून उतरल्यापासून ठणकावून दुसरं उत्तर द्यायची. अक्का या खेळात कधीच आली नाही. "चपात्या कोण लाटणार, तुमचा नॉर्वे?" एवढंच तिचं उत्तर. आणि साडू स्वतः? जन्मभर नुसते 'हजर'. पडद्याचा रंग असो की भावकीतला तंटा, जगाला तोडगे सुचवणारा हा गडी घरात कायम तटस्थ. त्यातून समोर थोरले बंधू असले तर विचारूच नका. वडील लवकर गेलेले, दादांनी उसात राबून याला मास्तर केलं. दादांपुढं याची मान फक्त खालीवर हलायची, आडवी कधी नाही.

आणि नेमके हेच दादा गेल्या वर्षी जयसिंगपूरचं स्थळ घेऊन दारात उभे राहिले. पोरगा देखणा, पेढी मोठी, होकार आजच्या आज पाहिजे. इकडं सईला दिल्लीला प्रवेश मिळालेला, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. बापानंच लावलेलं वेड, दुसरं काय! "मी जातो दिल्लीला, ठरलंय माझं," असं ती आमच्याकडच्या 'जातो-येतो' म्हणणाऱ्या पोरींच्या रोखठोक थाटात म्हणाली खरी, पण तिचे डोळे बापाकडं लागलेले. बाप तटस्थ राहिला की दादांचा शब्द खरा आणि दिल्ली संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अक्कानं दादांपुढं, माझ्यापुढं पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या. कुणी हात लावेना.

साडू उठले. मला वाटलं, चालले परसात. पण त्यांनी घसा खाकरून हजेरी घेतली. "दादा?"

"ही काय बसलोय की!" दादा गुरकावले.

"सई?"

"हजर आणि मतदान करणार."

मग त्यांनी स्वतःचंच नाव घेतलं आणि म्हणाले, "हजर. आणि मतदान करणार."

अक्काचा पदर तोंडाला गेला. साडू दादांच्या पायाशी बसले. "दादा, मी तिचा बाप आहे. मला वाटतं, तिनं जावं. मी नाही म्हणतोय या स्थळाला." एका दमात किती वेळा 'मी'! हातोडी आपटायला कुणी नव्हतं.

दादा म्हणाले, "तुझ्या त्या सभेत मोठ्या देशास्नी नकार द्यायचा हक्क असतोय म्हणं. आमाला हाय का न्हाय?"

"आहे दादा. तुमचाच आहे. पण वापरू नका, एवढंच मागणं."

दादांनी पोह्यांची बशी ओढली. "न्हाय वापरला म्हणून लिव. आन् पोरी, थंडीचं गरम कपडं घे. दिल्लीत लई गारठा असतोय."

सई गेली. घर एकदम मोठं झालं. परवा मी त्यांच्याकडं जेवायला होतो. ताटं मांडली आणि सवयीनं साडूंनी हजेरी सुरू केली. "सई?" म्हणाले आणि तिथंच थांबले. मी ताटाकडं बघत बसलो.

तेवढ्यात आतून, चपाती तव्यावर टाकता टाकता, अक्काचा आवाज आला, "मी हाय की. हजर."

साडूंनी 'मी'वर हरकत घेतली नाही.