सतरा आणि अठरा नंबरचं पीठ

घाटघरच्या गोजरबाईला पीठ कळायचं. कळायचं म्हणजे नुसता हात लावला की दाणा नवा आहे की गेल्या सालचा, सावलीत वाळवलाय की उन्हात, गिरणीचा दगड खरखरीत आहे की झिजून गुळगुळीत झालाय, एवढं सगळं ती सांगायची. गावात लग्न असलं की बायका भाकऱ्या थापायला बसण्याआधी तिला बोलावणं यायचं. ती चिमूटभर पीठ अंगठ्यानं चोळून बघायची, "पाणी लई कढत घ्या" नाहीतर "थोडं तांदळाचं मिसळा" एवढं सांगायची आणि उठायची. हे कुठं शिकलीस असं कुणी विचारलं तर ती जात्याकडं बोट करायची. नऊ-दहा वर्षांची असताना तिची आई गेली. घरात खाणारी सात माणसं आणि जात्यापाशी ही एकटी. त्यात शिकण्यासारखं काय होतं, ते तिला आजही सांगता येत नाही.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे, निदान आधार कार्डावर तरी. नवरा सावळेराम भात आणि नाचणी करतो, मुलगा ज्ञानेश्वर जुन्नरला एका गॅरेजात कामाला असतो आणि शनिवारी घरी येतो. घरात सून मंगल आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा समर्थ. बाळंतपणानंतर वर्ष झालं तरी मंगल सावरली नव्हती. पाण्याचा हंडा घेऊन आली की दाराला धरून थोडा वेळ उभी राहायची, मगच आत यायची. गोजरबाई ते रोज बघायची.

दोन वर्षांपूर्वी, नाचणीची मळणी उरकल्यावर, पुण्याच्या एका संशोधन संस्थेची गाडी गावात आली. गाडीतून स्नेहल उतरली. ती मूळची राजुरीची, तिशीच्या आतली, आहार या विषयात पीएचडी करणारी. तिनं अंगणवाडीत गावातल्या बायकांना बसवलं आणि समजावून सांगितलं. शास्त्रज्ञांनी नाचणीचं एक नवं वाण तयार केलंय. त्यात लोह जास्त आहे. ते खाऊन बायकांचं रक्त वाढतं का, हे बघायचंय. म्हणून निम्म्या बायकांना सहा महिने नव्या नाचणीचं पीठ मिळेल, निम्म्यांना साध्या नाचणीचं. पिशवीवर फक्त नंबर असेल. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि शेवटी रक्त तपासू. जंताची गोळी मात्र सगळ्यांनाच मिळेल.

"मंग नवं पीठ कुणाला देणार तुमी?" गोजरबाईनं विचारलं.

"ते मला माहीत नाही, मावशी."

"पिशव्या तुमीच वाटणार ना?"

"हो. पण कुठल्या पिशवीत काय आहे ते मलाही सांगितलेलं नाही. आमच्या मोठ्या सरांनाही माहीत नाही. एका पाकिटात लिहून ठेवलंय. सगळं संपल्यावर ते उघडायचं."

गोजरबाईनं आजूबाजूच्या बायकांकडं बघितलं. त्याही एकमेकींकडं बघत होत्या. वाटणाऱ्याला ठाऊक नाही आणि खाणाऱ्यालाही ठाऊक नाही, तर मग हे चाललंय काय, असा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर होता. स्नेहलनं पुन्हा सांगितलं. नवं पीठ खातोय असं माहीत असलं की माणसाला उगाच बरं वाटायला लागतं, आणि तपासणाऱ्यालाही तसंच दिसायला लागतं. म्हणून कुणालाच कळू द्यायचं नाही. गोजरबाईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. औषध देणाऱ्यानं औषध कोणतं ते माहीत करून घ्यायचं नाही, असला दवाखाना तिनं कधी पाहिला नव्हता. तरी तिनं कागदावर सही केली, कारण मंगलचं रक्त फुकट तपासून मिळणार होतं.

मंगलचं रक्त आठ पूर्णांक सहा निघालं. गोजरबाईचं दहाच्या थोडं वर. गावात घरं कमी, म्हणून नंबर घराला न देता बाईला दिले होते. गोजरबाईला सतरा आणि मंगलला अठरा. दर पंधरा दिवसांनी दोन पिशव्या घरात यायच्या. एकमेकींचं पीठ खायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. एकाच चुलीवर दोन पराती, दोन पिठं आणि वेगळ्या भाकऱ्या. सावळेराम जेवायला बसला की विचारायचा, "आज मी कोन? सतरा का अठरा?" त्याला घरचं पीठ मिळायचं, म्हणजे तिसरी परात.

पहिल्याच दिवशी गोजरबाईनं दोन्ही पिशव्या उघडल्या, हात घातला आणि तिला कळलं. सतरा नंबरचं पीठ मऊ होतं, पाणी घातलं की लगेच एकजीव व्हायचं. अठरा नंबरचं हाताला कोरडं लागायचं, पाणी जास्त प्यायचं आणि थापताना भाकरीची कड चिरायची. वासही निराळा. दाणेच वेगळे होते, त्यात शंका नव्हती.

"मंगल, ही दोन न्यारी हायेत," ती म्हणाली.

"आत्याबाई, त्या ताई म्हणल्या ना, कळू द्यायचं न्हाई."

"मी कुठं कळू दिलं? आपसूक कळलं."

पुढच्या चार दिवसांत ती ज्या ज्या घरी गेली तिथल्या पिशवीत तिनं हात घातला. कुणी तिला बोलावलं, कुठं ती आपणहून गेली. तेवीस बायकांपैकी अकरा जणींकडं मऊ पीठ होतं आणि बारा जणींकडं कोरडं. यात काही चुकतंय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला उलट वाटलं, ताईंना ठाऊक नाही म्हणतात, तर आपण शोधून दिलेलं बरंच.

आता प्रश्न उरला, नवं कोणतं. तिनं विचार केला. पुण्याच्या लोकांनी मुद्दाम तयार केलेली वस्तू मऊच असणार. कोरडी, चिरणारी भाकरी कोण मुद्दाम तयार करील? म्हणजे सतरा नंबर हेच नवं. मग नवं पीठ तिच्या वाट्याला आणि साधं मंगलच्या, हे उलटंच झालं होतं. ज्या पोरीला दारात उभं राहावं लागतं तिला साधं, आणि धडधाकट सासूला लोहाचं. गोजरबाईनं त्याच आठवड्यापासून पिशव्या बदलल्या. सतरा मंगलला, अठरा स्वतःला. मंगलला तिनं एवढंच सांगितलं, "तू ह्यातलं खा."

तीन महिने गेले. होळीच्या सुमारास स्नेहल पुन्हा आली, सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि तिथल्या तिथं आकडे वाचले. मंगलचं रक्त दहा पूर्णांक दोन झालं होतं. गोजरबाईचं होतं तिथंच होतं. मंगल आता हंडा घेऊन सरळ आत येत होती, हे आकड्याशिवायही दिसत होतं.

गोजरबाईला इतका आनंद झाला की तिच्यानं राहवलं नाही. "मी दिलं ना तिला माझं पीठ," ती म्हणाली.

स्नेहलचं पेन थांबलं. "कुठलं पीठ?"

"सतरा नंबरचं. नवं हाय ते. अठरा मी खाते."

"मावशी, नवं कुठलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? हाताला कळतंय की."

स्नेहलनं वही मिटली. "हे तुम्ही अजून कुणाला सांगितलंत?"

"समद्यांनाच," गोजरबाई म्हणाली.

स्नेहलनं वही पिशवीत टाकली. मग ती बाहेर गाडीपाशी गेली आणि फोनवर बोलत राहिली. गोजरबाई उंबऱ्यात बसून तिच्याकडं बघत होती. पोरीचा चेहरा उतरला होता आणि आपल्या बोलण्यानंच तो उतरलाय, एवढं तिला समजत होतं. पण नेमकं काय झालं? चोरी केली नव्हती. पीठ टाकून दिलं नव्हतं. विचारलं ते खरं सांगितलं होतं. रक्त वाढावं म्हणून हे लोक आले, रक्त वाढलं, आणि आता रडवेले झाले.

आठवड्याभरानं मोठे सर स्वतः आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. ओसरीवर मांडी घालून बसले. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की पाच घरांत अशीच अदलाबदल झाली होती, आणि साधं पीठ आलंय असं समजून दोघींनी ते खाणंच सोडलं होतं. घाटघरच्या तेवीस बायकांना अभ्यासातून वगळावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या सहा गावांत काम चालू राहील. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांना गोळ्या मिळतील, तपासणीही होईल, पण त्यांचे आकडे मोजणीत धरता येणार नाहीत.

"माझं चुकलं का, सर?" गोजरबाईनं विचारलं.

"तुमचं नाही, आमचं चुकलं. दोन पिठं सारखी दिसतात का ते आम्ही मशीनवर बघितलं. रंग, ओलावा, सगळं. थापणाऱ्या बाईला विचारलंच नाही."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गावातल्या काही बायका तिच्यावर नाराज होत्या. पिशव्या बंद झाल्या त्या तिच्या बोलण्यामुळं, असं त्या विहिरीवर उघड म्हणत होत्या. गोजरबाई ऐकून घ्यायची. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी स्वतःला नीट कळायला हवं होतं.

श्रावण संपता संपता स्नेहल परत आली. सगळ्या गावांचं काम संपलं होतं, पाकीट उघडलं होतं. तिला ते गोजरबाईला फोनवर सांगता आलं असतं, पण ती स्वतः आली.

"मावशी, सतरा नंबर साधं होतं. बाजारातल्या नाचणीचं. नवं होतं ते अठरा."

गोजरबाईला आधी कळलंच नाही. "म्हंजी चिरायचं ते?"

"हो. ते."

"म्हंजी मंगलच्या वाट्याला आलं व्हतं ते मी काढून घेतलं. अन् मीच खाल्लं."

"तसं झालं खरं."

गोजरबाई भिंतीला टेकली. मंगल जवळच बसली होती, तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं गोजरबाईनं विचारलं, "मंग हिचं रक्त कशानं वाढलं?"

"सांगता येत नाही. जंताच्या गोळीनं असेल. बाळाचं अंगावरचं दूध सुटलं, त्यानं असेल. तुम्ही तिला पोटभर वाढत होतात, त्यानंही असेल."

"अन् मी नवं खाल्लं तर माझं का न्हाई वाढलं?"

"तेही सांगता येत नाही. एका माणसावरून काहीच सांगता येत नाही, मावशी. म्हणून तर शेकडो माणसं घ्यावी लागतात."

"शेकडो घेतल्यावर कळतं?"

"थोडंफार. सहा गावांत नव्या पिठानं रक्त थोडं वाढलं. खूप नाही."

मंगलनं चहा आणला. तिघी चहा प्यायल्या आणि त्या दिवशी पुन्हा पिठाचा विषय निघाला नाही.

पौषात संस्थेच्या जुन्नरच्या कचेरीतून निरोप आला. नवीन अभ्यास सुरू करायचा होता, आणि यावेळी दोन पिठं ओळखू येतात का ते आधी गोजरबाईनं बघावं अशी सरांची इच्छा होती. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी मिळणार होती. ती नवं लुगडं नेसून गेली. कचेरीच्या वरच्या मजल्यावर टेबलावर सहा वाट्या मांडल्या होत्या. तिनं बोटं घातली आणि दोन मिनिटांत तीन इकडं, तीन तिकडं केल्या. सरांनी कागदावर बघून सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. दळण बदललं, एक पीठ थोडं भाजून आणलं, पुन्हा वाट्या मांडल्या. तिनं पुन्हा वेगळ्या केल्या. जेवण झालं. दुपारी तिसऱ्यांदा वाट्या आल्या. यावेळी ती बराच वेळ चोळत राहिली. वास घेतला, जिभेला लावलं, हात धुऊन पुन्हा सुरुवात केली.

"न्हाई वळखू येत," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

सर हसले. स्नेहलनं तिचा हात धरला. खोलीतल्या सगळ्यांनाच आनंद झालेला दिसत होता. जन्मात पहिल्यांदा तिला पीठ ओळखता आलं नव्हतं आणि हे लोक तिचं कौतुक करत होते. ती वाट्यांकडं बघत राहिली. सगळ्यांची पाठ वळल्यावर तिनं एका वाटीत पुन्हा बोट घातलं. तरी कळलं नाही.

निघताना तिनं सरांना एक विचारलं. "तुमच्या नव्या नाचणीत लोह हाय, बाजारातल्यात कमी हाय. आमच्या घरच्यात किती हाय?"

सरांनी स्नेहलकडं बघितलं. "ते कुणी मोजलेलं नाही," ते म्हणाले. "थोडी पाठवाल का?"

तिनं पुढच्या सोमवारी ज्ञानेश्वरजवळ नाचणीची पुरचुंडी दिली. महिन्याभरानं मंगलच्या मोबाईलवर स्नेहलचा निरोप आला. मंगलनं तो चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचला. साध्या पिठात लोह चार, नव्यात सात, आणि आपल्यात साडेपाच.

"म्हंजी आपली नवी का साधी?"

"मदली, आत्याबाई."

"मदली म्हंजी चांगली का कशी?"

मंगलनं निरोप पुन्हा वरपासून वाचला. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. तिनं स्नेहलला विचारायला मोबाईल हातात घेतला, पण रेंज गेली होती. गोजरबाई उठली आणि घरच्या नाचणीच्या बियाण्याच्या कणगीचं झाकण सरकलं होतं ते नीट बसवून आली.