भंवरीबाई फिरत्या मजल्यावर

कारंज्याच्या पन्नालाल कापडवाल्याची बायको भंवरीबाई. ही बाई एकदा जेवायला बसली, की उठवून दाखवा! बावीस वर्षांपासून तिचं एकासन आहे, जैनांचं व्रत. दिवसातून एकच जेवण, एकाच बैठकीत, दिवस बुडायच्या आत. पहिल्या घासानंतर उठली, की त्या दिवसापुरतं जेवण संपलं. एकदा डोळ्यांदेखत दूध उतू गेलं, पण बाई हलली नाही. शेजारी म्हणून मीच धावत जाऊन गॅस बंद केला आणि वर बोलणीही खाल्ली. "नानाजी, जरा लवकर येता आलं नसतं?"

अशा बाईला तिच्या लेकाने, मयंकने, नागपुरात नेलं कुठे, तर हॉटेलाच्या माथ्यावरच्या फिरत्या रेस्टॉरंटात. मलाही नेलं. पन्नालालला लिफ्टची धास्ती, म्हणून सोबतीला कुणी हवं, आणि ती धास्ती बायकोला कळू द्यायची नव्हती ना!

वर पोचलो तर वास! तळलेली मासळी, अत्तर आणि ओला गालिचा, सगळा एकत्र. टेबलावरच्या कापडावर कुणाच्या तरी रश्श्याचा वाळका डाग. काचेवर तेलकट बोटांचे ठसे, त्यातून म्हणे शहर पाहायचं. आणि पायाखालची फरशी गुपचूप सरकते. लोक यासाठी पैसे देतात!

भंवरीबाईने घरचा डबा आणला होता. तो उघडून तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि पहिला घास घेतला. फरशी फिरते, कठडा फिरत नाही, हे तिला कोण सांगणार? घास गिळून पाहते तर डबा मागे राहिलेला.

"मयंक, माहा डबा चालला!"

"डबा कायले चालते? आपन चाललो," पन्नालाल म्हणाला.

"मंग कोनी तरी उठा ना! मले उठता येत नाही!"

मयंक फोनवर शूटिंग करून राह्यला होता. तो उठेपर्यंत मागचं टेबल डब्यापाशी पोचलं. तिथे एक जाडा गृहस्थ कोंबडीची तंगडी चोखत होता. डबा हॉटेलचाच समजून त्याने चोखलेलं हाड खुशाल त्यात टाकलं.

मयंकने ते दोन बोटांनी काढलं, बोटं रुमालाला पुसली आणि हसत डबा घेऊन आला.

"घे आई. एकदम साफ आहे."

"हाड कोनत्या बोटांनं काढलं रे?"

मयंकचं हसू उतरलं. "वरतंच होतं ते. खालचं वरण चांगलं आहे."

"खाय ना आता," पन्नालालने री ओढली. "दिवस बुडून राह्यला. उद्यापावतर उपाशी राहशील काय?"

तिने आधी लेकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हाड टाकणाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग पदराला हात पुसून उभी राहिली.

"माहं जेवन झालं."

बावीस वर्षांतलं तिचं सगळ्यात लहान जेवण. एक घास.

मयंकने डबा वेटरच्या हाती फेकायला दिला, पनीर मागवलं, आणि हात न धुता त्याच बोटांनी खाल्लं.