मागे बघायचं नाही

दुखण्यावरच्या स्प्रेचा वास आला की मुलुंडचं ते मैदान आठवतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुलींची रिले होती आणि सरावात मी सारखी मागे वळून बघायचे, हात हलायचा, बॅटन पडायचं. "वाट लागली यार," मैत्रीण म्हणाली. तिथे रोज फेऱ्या मारणाऱ्या सत्तरीच्या एक बाई थांबल्या. आपल्या देशातल्या मुली परदेशी स्पर्धांना नुकत्या जायला लागल्या होत्या, तेव्हा या बाई तिथे रिले धावल्या होत्या. "मागे काय बघतेस गं? ती येतेय ना! हात दे आणि पळ." स्पर्धेत मी पुढेच बघत पळाले. बॅटन तळहातात घट्ट बसलं, आम्ही दुसऱ्या आलो. बघायला आलेल्या त्या बाईंनी बॅटन माझ्याकडून मागून घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. आता मी मुलींना रिले शिकवते. त्यांतली भांडुपची एक पुढच्या महिन्यात परदेशात रिले धावणार आहे.