लाल टॅगचा रिमोट

मला एका जागी बसता येत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून मला पुरेसं बोलूनही झालं आहे. फोन आला की मी हॉल, किचन, गॅलरी अशा फेऱ्या मारतो. हातात पेन असलं की त्याचं बटण टकटक दाबत राहतो. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला झोपेतसुद्धा काहीतरी दाबायला लागतं." यात अर्धा दोष नोकरीचा आहे. वालीवच्या ज्या कारखान्यात मी आहे तिथे मिक्सरची बटणं तयार होतात आणि ती दाबून बघायची हे माझं काम. चांगल्या पीसला हिरवा टॅग, खोट असलेल्या पीसला लाल. इतकी वर्षं हेच केल्यावर कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची खोट शोधायची, ही खोडच लागली. आमच्या नाक्यावरची भाजीवाली मला लांबून बघूनच तोंड फिरवते.

अशा माणसाने ताईसाठी गेमचा रिमोट निवडायचं काम अंगावर घेतलं.

कंट्रोलर म्हणतात हल्ली त्याला. आमच्या लहानपणी तो रिमोटच होता. तेव्हा आम्ही पापडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि बाबांनी बोनस मिळाल्यावर टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्याला दोन रिमोट होते. एक नंबरच्या रिमोटवर स्टार्टचं बटण होतं, दोन नंबरच्यावर नव्हतंच. एक नंबर कायम ताईकडे. मी भांडलो की ती एकच प्रश्न विचारायची, "मोठी कोण?" तिच्या मनात आलं की ती चालू गेम थांबवायची आणि मला सांगायची, "जा, पाणी आण." मी पाणी आणेपर्यंत माझा माणूस पडद्यावर एक पाय वर करून थिजलेला असायचा. सगळ्या आळीत तिला कोणी हरवू शकत नव्हतं. मी तर मुळीच नाही.

गेल्या वर्षी गणपती उरकले आणि ताईला पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू. बोलणं वाचलं, पाय महिन्याभरात सावरला, हातही मनगटापर्यंत परत आला. अंगठा तेवढा तळव्यात मुडपून बसला तो बसलाच. फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अंगठा उघडायला पाहिजे. बाहेरच्या बाजूला ताणायचा. सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं येईल तेवढं पटापट येतं, पुढे फार जड जातं."

त्यांनी रबराचा चेंडू दिला, कपड्याचे चिमटे दिले, मातीचा गोळा दिला. ताईने आठ दिवस केलं आणि नवव्या दिवशी चेंडू सोफ्याखाली भिरकावला. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाली. त्यानंतर ती नायगावच्या आपल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात खिडकीशी खुर्ची ओढून खाडीकडे बघत बसायला लागली. मी गेलो की म्हणायची, "ये. बस." बस्स, एवढंच. मला उशीर झाला तरी बोलायची नाही, केस वाढले तरी बोलायची नाही. ताई मला ओरडत नाही याची मला इतकी भीती वाटायला लागली की घरी येताना स्कूटर चालवता चालवता मी तिच्या वतीने स्वतःलाच शिव्या द्यायचो.

फिजिओच्या बाई एकदा जाता जाता म्हणाल्या, काही पेशंट गेम खेळून सुधारतात, आवड असली तर. झालं, माझ्या अंगात आलं.

आता सरळ माणूस काय करेल? दुकानात जाईल, एक चांगलासा घेईल, नेऊन देईल. मी वसई स्टेशनजवळच्या एका गेमच्या दुकानात चार खेपा घातल्या. काठी मऊ हवी, म्हणजे दुबळ्या अंगठ्याला ढकलता येईल. अंगठ्याखालच्या त्या बुटक्या दांडीला मी काठीच म्हणायचो. मूठ जाड नको. आधी म्हटलं बिनवायरचा घेऊ, मग वाटलं त्याचं चार्जिंग आणि जोडणी भाऊजींच्या डोक्याला ताप, वायरचाच बरा. मग वाटलं, वायर पायात आली तर? ती पुन्हा पडली तर? एकाची बटणं फार कडक, एकाची इतकी सैल की दाबल्याचं कळूच नये. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने हात जोडले. "भाऊ, तुम्ही घ्यायला येता की इन्स्पेक्शनला? मेरा तो पूरा माल तुम्ही फेल केला."

तरी परत करायच्या बोलीवर एकेक करून मी ते कारखान्यात न्यायचो. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मिक्सरच्या बटणांच्या मापकावर काठी किती जोरात ढकलावी लागते ते बघायचो. लोक हसायचे. हसू देत. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मला निवडायचंच नव्हतं बहुतेक. निवडला, नेला आणि ताईने त्याचाही चेंडू केला, तर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं. शोधत होतो तोवर काहीतरी चालू होतं.

एक दिवस भाऊजींचा फोन आला. हा माणूस रोज नायगावहून अंधेरीला जाऊन येतो आणि आवाज चढवत नाही. म्हणाले, "आणतोयस ना रे?"

"आणतो ना भाऊजी. चांगला बघतोय."

"बघ बघ. तिचा अंगठा थांबलाय तुझ्यासाठी."

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. राग त्यांचा नव्हता आला, माझाच आला होता.

त्या शनिवारी माझ्या टेबलावर एकाच कंपनीचे, एकसारखे काळे दोन पीस होते. दोन्ही वायरचे. पहिला मी कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर एक गोल दिसतो, मध्ये एक ठिपका. काठीला हात लावला नाही तर ठिपका बरोबर मध्ये राहायला पाहिजे. ह्याचा ठिपका आपोआप डावीकडे सरकत होता. सरळ सरळ रिजेक्ट. दुसरा लावला, ठिपका जागच्या जागी. काठी मऊ, बटणं नेमकी. मिळाला एकदाचा. मी हिरवा टॅग एका खोक्यावर चिकटवला, लाल दुसऱ्यावर, आणि तेवढ्यात कारखान्यात एक मशीन बंद पडलं म्हणून हाक आली. धावत गेलो, धावत आलो, दोन्ही पीस खोक्यांत कोंबले आणि निघालो.

आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगतो. टॅग पीसवर लावायचा, खोक्यावर नाही. खोकी बदलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या टॅगचं खोकं आणि सुकेळीचा, म्हणजे आमच्या वसईच्या वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन नायगावला पोहोचलो. भाऊजींनी जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून ठेवला होता. गेम मी साधाच शोधला होता. टोपीवाला एक बुटका माणूस, त्याला घेऊन डावी-उजवीकडे धावायचं, उड्या मारायच्या. ताईने नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मी तिच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर रिमोट. उजव्या हाताने तिने स्वतःचा डावा अंगठा उचलला आणि काठीवर ठेवला, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

टोपीवाला डावीकडे चालायला लागला.

"चालला!" ताई म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, चालला! बघा, मी चालवला!" भाऊजी किचनमधून हातात चहाचं गाळणं घेऊन धावत आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे आणि चष्मा काढून पुसायला लागले. किती महिन्यांनी त्या घरात कोणी ओरडलं होतं.

मी मात्र अंगठा बघत होतो. दाबणारं बोट मला ओळखू येतं, माझं आयुष्य त्यातच गेलं आहे. बोट दाबतं तेव्हा नखाची कड पांढरी पडते. ताईचं नख गुलाबी होतं. अंगठा काठीवर नुसता पडून होता. माणूस रिमोटच्या खोटीनं चालला होता.

मी बोलायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. पण ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे शहाण्या, बघत काय बसलायस? आणि हे केस काय वाढवलेस, बुवा झालास का?" आणि मी मूग गिळून बसलो. चहा घेतला, सुकेळी खाल्ली आणि पळालो. घरी येऊन लाल खोक्यातला रिमोट लावून बघितला. ठिपका मधोमध, हलायला तयार नाही.

पुढचा आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. रोज संध्याकाळी ताईचा फोन. आज अर्धा तास खेळले. आज पाऊण तास. आज टोपीवाला थोडा माझं ऐकायला लागला. प्रत्येक वेळी मी "वा, वा" म्हणायचो आणि किचनपर्यंत जाऊन परत यायचो. बायको म्हणाली, "सांगून टाका ना. बहीण आहे, काय खाणार आहे का?" तिला काय सांगू? मला माझ्या खोटं बोलण्याची लाज होती तशी दुसरी भीतीही होती. ताई फिजिओच्या बाईंना सांगेल, अंगठा चालायला लागला. मग खरा व्यायाम राहून जाईल आणि उरलेसुरले महिने एका लाल टॅगच्या रिमोटवर संपतील. कारखान्यात मी त्या आठवड्यात चांगल्या बटणांची अख्खी पेटी नापास केली. सुपरवायझरने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

रविवारी चांगला रिमोट पिशवीत घालून गेलो. ठरवलं होतं, काही न बोलता बदलून टाकायचा. भाऊजी खाली भाजीला गेले होते. ताई पडद्यासमोरच बसली होती. म्हटलं, "ताई, हा जरा लावून बघ. नवीन आहे, जास्त मऊ आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी वायर बदलली. तिने अंगठा काठीवर नुसता ठेवला. टोपीवाला उभा राहिला. हलेना. ताई बघत राहिली. मीही. मला वाटलं, आता ती हा उचलून भिरकावणार आणि जन्मात पुन्हा हातात घेणार नाही, आणि ते सगळं माझ्यामुळे.

"जुना लाव," ती म्हणाली.

"ताई, तो जुना..."

"आपोआप चालतो. माहितीये मला. पहिल्याच दिवशी तू गेल्यावर कळलं. मी पाणी प्यायला उठले, रिमोट उशीवर, आणि हा टोपीवाला आपला चाललाय डावीकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"अरे, तू एवढा दमून आणला होतास. आणि ह्यांना चष्मा पुसताना बघितलंस ना? कोणत्या तोंडाने सांगू?" मग थांबून म्हणाली, "रडले मी त्या दिवशी. खूप रडले. मग राग आला मेल्याचा. म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय चालतोस?"

मी जुना रिमोट लावला. टोपीवाला लगेच डावीकडे निघाला, त्याच्या सवयीप्रमाणे. ताईने अंगठा काठीवर ठेवला. चेहरा आवळला, दात एकमेकांवर घट्ट दाबले, खांदासुद्धा उचलला गेला. टोपीवाला चालत होता. चालत होता. मग त्याची पावलं हळू झाली. मग तो थांबला.

"हे बघ," ताई दातांतूनच म्हणाली. "हा डावीकडे पळतो. मी त्याला उजवीकडे ढकलून धरून ठेवते, त्यासाठी अंगठा बाहेर उघडायलाच लागतो. फिजिओबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हेच करा, दुसरं काही करू नका."

पडद्यावर काही म्हणजे काही होत नव्हतं. एक टोपीवाला माणूस एका कडेला उभा होता. मी वाकून ताईचा अंगठा बघितला. तो थोडासा, अगदी काडीभर बाहेरच्या बाजूला ताणलेला होता, थरथरत होता, आणि नखाची कड पांढरी पडली होती.

किती वेळ बघत होतो ठाऊक नाही. माझा पाय हलत नव्हता, हातात पेन नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही मी हललो नाही.

"आता बस," ताई म्हणाली. "तो नवीन पण जोड. दोन नंबर तुझा."

मी पिशवीत वायर शोधायला लागलो तेवढ्यात तिने उजव्या हाताने स्टार्ट दाबलं. टोपीवाला थिजला.

"थांब," ती म्हणाली. "आधी पाणी आण."