तिसऱ्यांदा दिलेला नकार

गोवालदादा देवळात नेहमी शेवटच्या बाकावर बसत आणि कोणी पुढे बोलावेपर्यंत खोकत. सहभोजनाला सर्वांच्या शेवटी जेवत. आपण अजून जेवलो नाही हे प्रत्येक पंगतीत सांगून येत. स्तुती झाली की हात हलवत आणि पुढचे ऐकायला थांबत. प्रार्थनेत स्वतःला ‘या मंडळीतला सर्वांत क्षुद्र पापी’ म्हणत. एकदा एका पाहुण्याने तोच किताब स्वतःला लावला, तेव्हा दादांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिले होते.

नवापूरपासून चार कोसांवरची आमची ख्रिस्ती मंडळी लहान. मी धुळ्याहून मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गावच्या शाळेत लागलो. वयाने निम्मा असूनही दादांनी मला मित्र मानले. नम्रतेवर ते तासन्‌तास बोलत. मी भारावून ऐकत असे.

१९६१ साली मंडळीचा वडील निवडायचा होता. वडील म्हणजे पाळकाच्या खालोखाल मान. तो दादांना हवा होता. त्यांनी हे कोणालाच सांगितले नव्हते, म्हणून सगळ्यांना ठाऊक होते. आमच्याकडे रीत अशी, की पाळकाने तीनदा विचारायचे. ज्याला विचारले त्याने दोनदा ‘मी योग्य नाही’ म्हणायचे, तिसऱ्यांदा मान खाली घालून गप्प उभे राहायचे. झाली निवड.

पाळक त्याच वर्षी बाहेरून आलेले, सरळ गृहस्थ. त्यांनी विचारले, दादा नाही म्हणाले. पुन्हा विचारले, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर दादा उभे राहिले. मान खाली गेली. मग वर आली.

“पाळकसाहेब, मी खरंच योग्य नाही.”

पाळकांनी दादांच्या प्रामाणिकपणाबद्दल देवाचे आभार मानले आणि गाडी हाकणाऱ्या जान्याला विचारले. जान्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षीचा. रीतभात त्याला कुठून माहीत असणार?

“जमेल तसं करीन,” तो म्हणाला.

सर्वांत मोठ्याने आमेन दादांनी म्हटले.

घरी जाताना त्यांच्या पत्नी रमिलाबाई म्हणाल्या, “दोनदा पुरत होतं. तिसऱ्यांदा कशाला नाही म्हणालात?”

“दोनदा तर सगळेच म्हणतात,” दादा म्हणाले.

मी बरोबर चालत होतो. मला हसू यायला हवे होते. त्यांचा चेहरा पाहून आले नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे पाळकांना पत्र लिहायला आले. ते सांगत होते, मी लिहीत होतो. ‘पाळकसाहेबांस सलाम. मला कोणत्याही मानाची इच्छा नाही. कधीच नव्हती. परंतु’. इथे ते अडले. पुढचे लिहावे तर आधीचे खोटे ठरत होते. न लिहावे तर पत्राचीच गरज नव्हती. दुपार गेली. उरलेले उद्या सांगतो म्हणाले.

उद्या त्यांना वेळ झाला नाही. पुढेही झाला नाही. त्याच आठवड्यापासून दर शनिवारी जान्या बायबलमधली स्वतःला वाचता न येणारी वचने समजून घ्यायला त्यांच्या घरी जाऊ लागला. दादा ती त्याच्याकडून पाठ करून घेत. याबद्दल ते कोणाजवळ बोलले नाहीत. मला जान्याने सांगितले, तेही दादांच्या मातीच्या दिवशी.

त्याआधीची पाच वर्षे दादा अधूनमधून विचारत, “तो कागद आहे ना?”

कागद आहे. ‘परंतु’च्या पुढे त्यांनी काही सांगितले नाही.