ताडपत्रीताईची चौकशी

त्या रेजिमेंटमध्ये पूलवाले आणि पानेवाले यांचा छत्तीसचा आकडा होता. नदीवर पूल टाकणारी एक तुकडी आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून आणून दुरुस्त करणारी दुसरी, अशा दोघींची मोट बांधून कधीकाळी ही रेजिमेंट उभी केली होती. पूलवाले म्हणत, आम्ही रस्ता केला नाही तर तुमच्या गाड्या जाणार कुठे? पानेवाले म्हणत, गाड्याच नसतील तर तुमचा पूल काय वाळत घालायचा? या भांडणात न पडणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे शिवण विभागातली ताई. दोघांचंही कापड तीच शिवायची.

ताई सैनिक नव्हती, नागरी नोकर होती. तिचे वडील त्याच बाकावर बसून खोगिरं आणि चामडी पट्टे शिवत, कारण तेव्हा रेजिमेंटचं सामान खेचरं वाहत. मग खेचरं गेली, ट्रक आले. वडिलांनी चामड्याची सुई ठेवली आणि कॅनव्हासची धरली. ते वारले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. आई आधीच गेलेली, पदरात धाकटा भाऊ. ताई त्या बाकावर बसली ती बसलीच. भावाला तिने शिकवलं, मोठं केलं. तो त्याच रेजिमेंटमध्ये भरती होऊन क्रेनच्या गाडीवर मेकॅनिक झाला, तरी राहायला ताईच्याच दोन खोल्यांत. सगळे तिला ताडपत्रीताई म्हणत.

स्वभावाने ताई संशयी. नवा दोरा आला की आधी ताणून बघायची, नवा माणूस आला की तो का आला ते आधी बघायची. पण तिची शिवण कधी उसवली नाही, त्यामुळे कोणी काही बोलत नसे.

त्या वर्षी एक काम आलं. रेडिएटरची चाळीस झाकणं, आत जाड अस्तर घालून, मधे उघडता येणारा पडदा ठेवून. बॅटऱ्यांना लोकरी कापडाचे कोट. पुलाच्या सामानावरच्या ताडपत्र्यांना नेहमीपेक्षा दुप्पट मोठे फास, म्हणजे जाड हातमोजे घातलेल्या हातालाही गाठ मारता यावी. मुदत अठरा दिवस. चाळीस म्हणजे रेजिमेंटच्या झाडून सगळ्या गाड्या.

दुपारच्या चहाला ताईसमोर तिघं होते. वीस वर्षं तिच्याबरोबर चहा पिणारा स्टोअरकीपर, वर्कशॉपचा फोरमन आणि तिचा भाऊ. ताई सहज म्हणाली, "लोकरीचे मोजे शोधून ठेवा. महिनाअखेर तुम्ही सगळे बर्फात असणार."

स्टोअरकीपर हसला. फोरमनने चहा संपवला आणि तो उठला. भाऊ म्हणाला, "काहीतरीच तुझं." विषय तिथेच मिटला.

चौथ्या दिवशी ताईला बोलावणं आलं. मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेरून आलेला एक अधिकारी होता. केस विरळ, आवाज मऊ, हातात टोक केलेली पेन्सिल.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"रेजिमेंट कुठे जाणार ते."

"कोणी नाही. कापडाने सांगितलं."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "हे बघा, इथल्या कमांडरलासुद्धा अजून ठिकाण माहीत नाही. त्यांच्याकडे बंद लिफाफा आहे. आणि तुम्ही चहाच्या वेळी जाहीर करून मोकळ्या झालात."

ताईने झाकणं, अस्तर, फास सगळं क्रमाने सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण लिहीत नव्हता, आणि तेच तिला जास्त टोचलं. मग त्याने विचारलं, पत्रं कोणाची येतात, शेजारी कोण, गेल्या महिन्यात घरी कोण येऊन गेलं. शेवटी म्हणाला, "चौकशी होईपर्यंत वर्कशॉपमध्ये जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोन माणसं घरी आली. त्यांनी कपाट उपसलं, शिवणाची पेटी पालथी केली, बटणं मोजावीत तशी चिवडली. भाऊ कामावर होता. शेजारीण दारात उभी राहून सगळं बघत होती, आणि संध्याकाळी नळावर ताई गेली तेव्हा शेजारणीने आपली बादली अर्धीच भरून उचलली.

आता ताईचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरू लागलं. तिघांपैकी कोण? स्टोअरकीपर हसला होता, पण का हसला? मागे एकदा तिने त्याच्याकडचा कुजका दोरा परत केला होता, तो राग धरून बसला असेल. फोरमन इतक्या घाईने का उठला? त्याची बढती अडकली होती. वरच्यांच्या मर्जीत जायला एवढं पुरे. आठवून आठवून ती प्रत्येकाचा चेहरा तपासत होती. भाऊ मात्र तिच्या हिशेबातच नव्हता. उलट जेवताना ती त्यालाच विचारायची, "स्टोअरकीपर आज तुझ्याशी बोलला का? नजर कशी होती त्याची?" भाऊ ताटात बघून म्हणायचा, "नेहमीसारखीच."

झडतीनंतर तिसऱ्या दिवशी स्टोअरकीपर तिला रस्त्यात भेटला. "ताई, काय चाललंय हे? मी काही करू का?"

"केलंत तेवढं पुष्कळ झालं," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "मी काय केलं?"

"ते तुम्हाला माहीत." आणि ती पुढे निघून गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला कोपऱ्यावर तसाच उभा बघितला.

पुन्हा बोलावणं आलं. या वेळी अधिकाऱ्याने तिच्यापुढे एक कागद सरकवला. दुसऱ्याच कुठल्यातरी तुकडीची शिवणकामाची जुनी यादी, नाव आणि तारीख काळी केलेली. "हे कुठे गेले ते सांगा."

ताईने चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवत ती वाचू लागली. "खिडक्यांना बारीक जाळी लावलीय, म्हणजे डास. चाकांमागचे पडदे लांब केलेत, म्हणजे चिखल. फळ्यांना हवा भरायच्या पिशव्या बांधायचे पट्टे, म्हणजे पाणी उथळ आणि पसरट, पूल तरंगता ठेवायचा होता. आणि ट्रकवरचे हे कापडी टप बघा, कमानी एक हात कापून बुटके केलेत. गाड्या रेल्वेवर चढवून बोगद्यातून न्यायच्या असतील." ती थांबली. "दलदलीत गेले. गाव नाही सांगता येणार मला."

अधिकाऱ्याने पेन्सिल उचलली आणि प्रथमच काही लिहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्यावरचा संशय गेला, बाई. पण आता मला वेगळीच काळजी लागली. तुम्ही कापडावरून ओळखता, तर दुसराही कोणी ओळखेल. यापुढे अशी कामं तुकडे करून चार ठिकाणी शिवली जातील."

"म्हणजे मला अर्धवटच कापड मिळणार."

"हो. आणि चहाच्या वेळी तोंड बंद."

जबाबावर सही करायला त्याने फाइल तिच्यापुढे धरली. सही करताना वरचा कागद जरा सरकला आणि खालच्या कागदाच्या दोन ओळी दिसल्या. 'माझी बहीण' एवढे शब्द तिने वाचले. पण ते वाचायचीही गरज नव्हती. त्यातला 'ण' शेपूट आत वळवलेला होता. तो असा चुकीचा काढायला तिनेच शिकवला होता, कारण ती स्वतः तसाच काढायची. ताईने सही केली, पेन परत दिलं आणि बाहेर आली.

त्या संध्याकाळी तिने भावाला वाढलं आणि तो जेवत असताना त्याच्याकडे बघत बसली. हा माझ्याच ताटात जेवून मलाच पकडून देतो, असं एकदा वाटलं. मग वाटलं, आणखी काय काय सांगितलं असेल याने? घरातलं कोणतं बोलणं बाहेर गेलं असेल? तो पाणी प्यायला उठला तरी तिचे कान टवकारले जात. ज्या घरात वीस वर्षं कडीसुद्धा लावली नव्हती, तिथे तिने शिवणाच्या पेटीला कुलूप घातलं.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ त्याच्या क्रेनचं झाकण घ्यायला शिवण विभागात आला. ताई पुन्हा बाकावर बसू लागली होती. तिने झाकण घडी करून त्याच्या हातात दिलं आणि ते सोडलं नाही.

"तुझा कागद बघितला मी."

भावाने मान खाली घातली. म्हणाला, "मला भीती वाटली, ताई. बर्फ म्हणजे वाटेत खिंडी आल्याच. बातमी फुटली असती तर आम्ही सगळे अडकलो असतो. मला वाटलं, तुला कोणीतरी बोलता बोलता सांगितलं आणि तू भोळेपणाने बोलून गेलीस."

"मी आणि भोळी?"

"मग काय समजायचं होतं मी?"

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर म्हणाली असतीस, कापडाने सांगितलं."

"तेच खरं होतं."

"पण माझा विश्वास बसला नसता," तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "मी तुझं नाव चांगल्या अर्थानेच लिहिलं होतं."

ताईने झाकण सोडलं. "मधला पडदा चढावर उघडा ठेव, नाहीतर इंजिन तापेल," एवढंच ती म्हणाली. तो गेला.

त्याच दुपारी ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअरकीपर दोऱ्याची रिळं लावत होता. "माझी चूक झाली. तुम्ही नव्हता तो," ती म्हणाली.

"कळलं मला."

"चहाला या."

"बघू," तो म्हणाला, आणि पुन्हा रिळांकडे वळला. तो आला नाही. पुढे वर्षभर आला नाही. मग एक दिवस आपला कप घेऊन मुकाट येऊन बसला, पण पूर्वीसारखा मोकळा कधीच झाला नाही.

रेजिमेंट सात महिन्यांनी परतली. पूलवाल्यांची तीन माणसं कमी होती. भाऊ धडधाकट आला. तो ताईच्याच घरी राहिला, तिच्या हातचं जेवला, तिच्या आजारपणात रात्रंदिवस बसून राहिला. कामाविषयी मात्र त्याने तिला कधी काही सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. पेटीचं कुलूप तिने दोन वर्षांनी काढलं.

ताई निवृत्त झाल्यावर रेजिमेंटचा इतिहास लिहायचं काम एका तरुण कॅप्टनकडे आलं. तो तिच्याकडे तीन दिवस येत होता. खेचरांपासून सगळं त्याने लिहून घेतलं. त्या हिवाळी मोहिमेचं पान त्याने आधीच तयार केलं होतं, ते वाचून दाखवलं. हालचालीची गुप्तता अखेरपर्यंत कसोशीने पाळली गेली, असं त्यात होतं. ताईला हसू आलं. ते बघून कॅप्टन म्हणाला, "तुमच्या चौकशीचं मी ऐकलंय. पुस्तकात घालणार नाही, पण तुमच्याविरुद्ध कागद कोणी दिला होता, ते कळलं का तुम्हाला?"

भाऊ आतल्या खोलीत होता. वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

"नाही," ताई म्हणाली. "ते काही मला कळलं नाही."

कॅप्टनने तिच्याकडे जरा संशयाने बघितलं, मग वहीचं पान उलटलं आणि विचारलं, पहिला ट्रक नक्की कोणत्या साली आला.