मौलालीच्या पडद्याआडचा माल

मौलाली बुकबाइंडर पडद्याआड नागड्या मडमांची चित्रं दाखवतो आणि घटकेला एक पैसा घेतो, ही बातमी शिवाजी पेठेत शेजारच्या बायडाबाईनं सोडली. त्यातला पैसा खोटा, दाखवणंही खोटं. मौलाली चित्रं दाखवत नव्हता, गोळा करत होता. पण चित्रं खरी होती म्हटल्यावर समोरच्या माडीवर राहणाऱ्या अंबादास मास्तरांचं चित्त कसलं ठिकाणावर राहतंय!

महायुद्धाची लढाई संपली, शिपाई परत आले, आणि फ्रान्सातून त्यांच्या ट्रंकांमधून ही चित्रंही आली. नेसरीपासून जोतिबापर्यंत हातोहात फिरली. एक चित्र तर बांधणीला आलेल्या भूगोलाच्या पुस्तकातून मौलालीच्या मांडीवर पडलं. त्यानं ते उजेडाला धरून बराच वेळ पाहिलं. बायडाबाईनं पाहिलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो तालमीत गेला. सयाजी वस्तादांनी अंगाला माती लागलेल्या पोरांना बसवलं. गल्लीतले बाप्येही भिंतीला टेकून उभे राहिले.

"मडम हसतीया म्हणून भुलू नगासा," मौलाली म्हणाला. "म्या तिचं मनगट बघितलंय. दोरीचा वळ हाय. ती बी कुणाची तरी लेकच की. आणि असलं बघायची सवय लागली, की घरच्या बायकूकडं बी माणूस चित्रागत बघाय लागतंय. ज्याच्याजवळ असंल त्यानं पुस्तकात घालून मला आणून द्यावं. कुणाचं नाव सांगायचा न्हाय. जबान दिली."

तेव्हापासून दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या तालमीत त्याचं हे बोलणं चालू झालं, आणि मास्तरांचं खिडकीत बसणं. माणसं पुस्तक काखेत मारून पडद्याआड जायची, मोकळ्या हातानं बाहेर यायची. सोमवारी सात, मंगळवारी नऊ. आत जातंय एवढं, बाहेर काहीच कसं येत नाही? छावणीतल्या सोजिरांना ठोक विकत असेल. नाहीतर स्वतःच बघत बसत असेल. माणूस बोलतो गोड, पण पडदा कशाला लागतो त्याला?

एकदा त्यांनी हटकलंच. "मौलाली, गोळा केलेला माल जातो कुठं?"

"भिजत पडलाय, मास्तर."

झालं! भिजत पडलाय म्हणजे काय? मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागेना.

सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम निघाल्यापासून शाळांच्या पुस्तकांची बांधणी मौलालीकडं होती आणि ती मास्तरांच्या हातून जायची. त्यावरच त्याची चूल पेटायची. शुक्रवारी दुपारी मास्तर शाळेतल्या चार पोरांचे बाप घेऊन दुकानात शिरले आणि पडदा फर्रकन ओढला. मागं बायडाबाई होतीच.

आत मौलालीची बायको जुलेखा कोपरापर्यंत हात घालून घंगाळातला करडा लगदा मळत होती. मेथीच्या पिठाचा वास सुटला होता.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"मडमा," मौलाली म्हणाला. "देणाऱ्याच्या समोर फाडायच्या, रद्दीत भिजवायच्या, कुटायच्या, मेथी घालून पालथ्या मडक्यावर थापायच्या. वाळलं की दुरडी. लाज वाटणारं माणूस रस्त्यावर फाडून देतंय व्हय? म्हणून पडदा."

फळीवर दुरड्यांची रांग होती. बायडाबाईनं कपाळाला हात लावला. "आगं बया! माझ्या भाकरीची दुरडी हितनंच न्हेली की गं!"

"तीन दिस भिजवून कुटलंय, आक्का," जुलेखा म्हणाली. "कायबी उरलं न्हाय."

एक बाप फिस्सकन हसला. मास्तरांचा चेहरा उतरला. पण रिकाम्या हातानं परतायचं कसं?

"ठीक. माल गेला. पण आणून देणाऱ्यांची नावं हवीत. शाळेतली कार्टी कोण, ते कळू दे. नाहीतर उद्यापासून शाळेचं एकही पुस्तक तुझ्याकडं येणार नाही."

"व्हय व्हय, नावं कळाय पायजेत!" बाप एका सुरात म्हणाले.

जुलेखाचे हात घंगाळातच थांबले. कोपऱ्यात शाळेच्या दोनशे पुस्तकांची चळत शिवायची पडली होती. मौलालीनं बोटांची खळ फडक्याला पुसली आणि मास्तरांपासून शेवटच्या बापापर्यंत एकेकाच्या तोंडाकडं सावकाश बघितलं.

"सांगतो की, मास्तर. आदी पोरांची सांगू, का बापांची?"